ठपद

हैदराबादच्या नल्लकुंट्यात उदगीरकरांच्या घरी कचऱ्याच्या टोपलीला कुणी टोपली म्हणत नसे. तिला 'ठपद' म्हणत. 'केळ्याची सालं ठपदात टाक', 'ठपद भरलंय, आज कुणाची पाळी?' असं सर्रास चाले आणि नवखे पाहुणे साल हातात धरून बावचळल्यासारखे उभे राहत. हा शब्द कुठल्याही कोशात नाही. म्हणजे एका कोशात आहे. पण तो कोशच ठपदात जायची वेळ आली होती, आणि तो तिथून कसा निघाला हे सांगायचं तर आधी मालनबाई कोण ते सांगायला हवं.

मालनबाई म्हणजे एकनाथराव उदगीरकरांच्या सूनबाई. माहेर नांदेडचं. लग्नाआधीच मराठी टायपिंगची परीक्षा पास, आणि लग्न होऊन हैदराबादला आल्यावर आबिड्सच्या एका वकिलांकडे तब्बल चोवीस वर्षं मराठी टायपिस्ट. हैदराबादेत मराठी टायपिस्टला काय काम, असं पुण्याकडचे लोक विचारतात. त्यांना सांगायचं की जुन्या संस्थानातल्या घराण्यांच्या जमिनी मराठवाड्यात, माणसं हैदराबादेत आणि भाऊबंदकी दोन्हीकडे. कामाला तोटा नव्हता. बाईंची बोटं अशी चालत की पक्षकार दारातून आवाज ऐकून म्हणत, आत शिवणाचं मशीन चालू आहे का?

मग देश खुला झाला. बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांचे करार आले, वकिलांच्या मुलानं ऑफिसात गालिचा अंथरला आणि मराठी टाइपरायटर भंगारात घातला. टायपिस्टबाईंना शाल आणि नारळ मिळाला. घरी बसून डोळे गाळायचा मालनबाईंचा स्वभाव नव्हता. फंडाचे पैसे हातात पडले त्याच महिन्यात, सत्त्याण्णवच्या दसऱ्याला, त्यांनी जुळणी केलेला कंप्युटर घरात आणला आणि आबिड्सच्या एका पत्रिका छापणाऱ्याकडून मराठी फॉन्टची फ्लॉपी मिळवली. त्या फॉन्टची खुबी अशी, की त्यातली अक्षरं जुन्या टाइपरायटरच्याच जागी होती. बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही.

"आता टाइप काय करायचं?" हा प्रश्न मात्र उरला. तो एकनाथरावांनी सोडवला.

एकनाथराव जमिनी मोजणाऱ्या पैमाइश खात्यातून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. मागे एका लग्नासाठी ते पुण्याला गेले होते, तेव्हा संध्याकाळी लग्नघरच्या मंडळींना सहज म्हणाले, "चला, बंडीवर मिरची खाऊन येऊ." हैदराबादेत बंडी म्हणजे चाकांची गाडी. पुण्यात बंडी म्हणजे अंगात घालायची. लग्नघराची सगळी ओसरी हसली, आणि एक गृहस्थ म्हणाले, "तुमची मराठी म्हणजे मराठी नव्हेच हो." एकनाथराव तिथं काही बोलले नाहीत. परत आल्यावर मात्र त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या आणि एकेका चिठ्ठीवर आपल्या घरातला एकेक शब्द लिहायला लागले.

सासरा आणि सून रोज दुपारी चहा झाला की कंप्युटरपुढे बसत. चिठ्ठीवर नुसता शब्द असे. अर्थ एकनाथराव तिथल्या तिथे तोंडानं सांगत आणि मालनबाई टाइप करत. 'नक्को : नकोपेक्षा एक क जास्त, म्हणजे विषय संपला.' 'हल्लू : सावकाश. घाईतल्या माणसाला ओरडून सांगायचा शब्द.' 'हौ : होय, पण होयसारखं विचार करून म्हणत नाहीत, आधीच म्हणून टाकतात.' टाइप करता करता मालनबाईंना हसू आवरत नसे, आणि एकनाथराव डोळे वटारत, "हसतीस काय? शास्त्र आहे हे."

एकेका अक्षराची एकेक फाइल. स्वरांची मिळून एक, अशा तीस. आणि त्या साऱ्या कंप्युटरच्या पडद्यावर, ज्याला डेस्कटॉप म्हणतात त्याच्यावर, शाळेच्या तक्त्यासारख्या ओळींत मांडलेल्या. तक्त्यातली नावं मात्र एकनाथरावांची. "क कमळाचा त्या पुण्याच्या लोकांचा. आपला क केतकीचा," ते म्हणाले. केतकी त्यांची नात. मग ब बंडीचा, म मिरचीचा, व विठ्ठलचा. विठ्ठलराव म्हणजे मालनबाईंचे यजमान, बँकेच्या बदलीवर वरंगलला असत, शनिवारी रात्री येऊन रविवारपुरते घरी.

ही नावं पडद्यावर मराठीत दिसावीत म्हणून मालनबाईंनी केतकीकडून एक युक्ती करून घेतली. चित्रांखालच्या नावांनाही तोच मराठी फॉन्ट लावला. मराठी नावं झक्क दिसायला लागली, पण यंत्राची जी मूळची इंग्रजी नावं होती त्यांचा पार चिवडा झाला. कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं, त्याच्या नावातला शेवटचा शब्द मराठी अक्षरांत उमटला 'ठपद'. एकनाथरावांनी चष्मा सारून तो मोठ्यानं वाचला आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून घरातली टोपली ठपद झाली, आणि कोशात 'ठ ठपदचा' अशी फाइल आली.

तीन अक्षरांनी तेवढा दगा दिला. घ, ध आणि झ. टाइपरायटरच्या ज्या कळांवर ही अक्षरं होती, तिथं कंप्युटरच्या लेखी प्रश्नचिन्ह आणि असल्याच खुणा होत्या, आणि फाइलच्या नावात त्या खुणा यंत्र घेत नव्हतं. मालनबाईंनी झ च्या फाइलला 'ज चा भाऊ' म्हटलं, ध च्या फाइलला 'द चा भाऊ'. पण घ ला 'ग चा भाऊ' म्हणायला एकनाथराव कबूल होईनात. "घ घराचा आहे. घराला कुणाचा भाऊ म्हणायचं? नक्को. मी नाव विचार करून सांगतो."

ही गोष्ट नव्व्याण्णवच्या मार्चातली, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या आठवड्यातली. घ ची फाइल तशीच बिननावाची उघडी ठेवून मालनबाई चिंच-गूळ आणायला बेगम बाजारात गेल्या. परत आल्या तर कंप्युटर बंद होता आणि एकनाथराव आरामखुर्चीत स्वतःशी हसत होते.

"मामंजी, तुम्ही बंद केलं? नाव न देता?"

"नाव दिलं की."

"काय दिलंत?"

"उद्या शोध. सापडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना ते कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिना-दीड महिना दवाखान्यात काढून घरी आले ते त्याच आरामखुर्चीत, आणि आठशे शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला : 'हौ'. तो विचारलेल्या प्रश्नाला जोडून येई, कधी नुसताच येई. समजत सगळं होतं. डोळ्यांत स्पष्ट दिसे.

चिठ्ठ्या होत्या ना, असं कुणी विचारील. नव्हत्या. त्या मालनबाईंनीच मार्चातच रद्दीवाल्याला दिल्या होत्या. "आता सगळं कंप्युटरात आहे," असं म्हणून, चांगली पिशवी भरून, हसत हसत.  मामंजींचं दीड वर्षाचं बोलणं त्या तीस फायलींत होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं. त्यातली तिसावी तर त्यांनी न ठेवताच यंत्र बंद केलं असलं तर? या धास्तीनं त्या कितीतरी दिवस कंप्युटरपुढे बसल्याच नाहीत. न पाहिलेल्याचं दुःख नसतं, अशी मनाची समजूत घालत राहिल्या.

मे महिन्यात एका गुरुवारी मन घट्ट करून बसल्या. यंत्र सुरू झालं, पडदा अर्धामुर्धा उजळला, आणि वीज गेली.

वीज आली तेव्हा कंप्युटरनं काळ्या पडद्यावर आपली आपण बराच वेळ तपासणी केली आणि मग एक पांढरंफटक पान पुढे केलं. वर चार ओळी इंग्रजी, खाली एक बटण. मालनबाईंनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. डेस्कटॉप बिघडला आहे, हे बटण दाबा म्हणजे तो पहिल्यासारखा होईल, असा मथितार्थ. त्यांनी कुलदेवीचं नाव घेऊन बटण दाबलं. डेस्कटॉप आला, पण पहिल्यासारखा म्हणजे कुणाच्या पहिल्यासारखा, कोण जाणे! ओळी मोडून सगळी चित्रं डाव्या बाजूला गर्दी करून उभी होती आणि एकाचंही नाव मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरांची नुसती रांगोळी विस्कटलेली. फाइल उघडून पाहिली तर आतही तेच.

केतकी घरीच होती. तेवीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत. सन दोन हजारच्या घोळाचं काम करायला रविवारी अमेरिकेला निघाली होती आणि घरभर बॅगा उघड्या होत्या. मराठी बोलायला फाडफाड, वाचायला मात्र दुसरीतल्या पोरीसारखी. तिनं दोन-चार चित्रं उघडून पाहिली, एक-दोन इकडून तिकडे केली आणि म्हणाली, "आई, फुल करप्ट झालंय. पण बघ, आता निदान रीसायकल बिन वाचता तरी येतंय!"

 लेकीला वाचता यायला लागलं होतं, मालनबाईंना येईनासं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी केतकीनं जहांगीरला बोलावलं. कंप्युटर जुळवून देणारा तोच. माणूस सरळ, हात जलद. त्यानं चार फायली उघडल्या आणि जीभ चावली. "अम्मा, वायरस है ये. नामां देखो, सब सड गए. फॉर्मेट मारना पडता."

"फॉर्मेट म्हणजे?"

"सब साफ, आई," केतकीनं सांगितलं. "मग सगळं नवं टाकायचं. मी जायच्या आधी झालेलं बरं. ईमेल नको का करायला तुला?"

"आणि मामंजींच्या फायली?"

जहांगीरनं हात झटकले. "गए समझो. फ्लॉपी पे उतारे तो वायरस भी उतरता."

त्यानं खिशातली फ्लॉपी काढली, तशा मालनबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. चोवीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात काढलेली बाई. तारीख कशी मागून घ्यायची हे त्यांना माहीत होतं.

"उद्या चार वाजता या," त्या म्हणाल्या. "तोवर याला कुणी हात लावायचा नाही."

"कल तक क्या होता अम्मा?"

"ते मी बघते."

काय बघणार होत्या, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. खुर्चीत एकनाथराव डावा हात दांडीवर आपटत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मालनबाई त्यांच्याकडे बघू शकल्या नाहीत, स्वयंपाकघरात गेल्या. केतकीबरोबर द्यायचं आवकाय, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं, घालायचं होतं. परातीत कैरीच्या फोडी, सुपात लसूण. मन थाऱ्यावर नसलं की हाताला काम द्यावं, हा त्यांचा जुना नियम.

त्या लसूण सोलत होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला केतकी केळं खात आली आणि म्हणाली, "आई, साल कुठं टाकू?"

"ठपदात."

म्हटलं, आणि लसणाची पाकळी हातात तशीच राहिली.

"केतकी, काल तू काय वाचलंस? आता वाचता येतंय म्हणालीस ते."

"रीसायकल बिन?"

"दुसरा शब्द. त्याची अक्षरं सांग."

"बी, आय, एन. का गं?"

मालनबाई लसणाच्या हातांनीच कंप्युटरपाशी गेल्या. कळफलकावर बी कुठं आहे ते त्यांनी शोधलं आणि त्यावर बोट टेकवलं. डोळ्यांना तो बी दिसत होता. बोट म्हणत होतं, ठ. मग आय. बोट म्हणालं, प. एन. द.

"अगं, हे सडलेलं नाही!" त्या जवळजवळ ओरडल्या. "ठपद जागच्या जागी आहे. नुसता मुखवटा उतरलाय. मी ज्या कळा दाबल्या, त्याच दिसतायत. ये, बस इथं. दुसरं नाव वाच."

केतकी खांदे उडवत बसली. "डी. मग जागा. मग डी, एस, आर, डी, एच, पी, के. हा काय शब्द आहे?"

मालनबाईंची बोटं कळांवर नुसती टेकत गेली. डी म्हणजे क. डी आणि एस, म्हणजे वरचा मात्रा, के. आर, त. मग की. मग चा. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"क केतकीचा."

 दीड वर्ष आपण दुसऱ्या खोलीत बसून कोड लिहीत होतो आणि इथं पहिल्या अक्षराला आपलं नाव होतं, हे केतकीनं कधी वाचलंच नव्हतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "पुढचं सांगते," ती म्हणाली. "पटापट लिही."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी सुरू झाली. केतकी इंग्रजी अक्षरं वाचायची, आईची बोटं त्यांचं मराठी करायची. ब बंडीचा सापडला. म मिरचीचा सापडला. ज चा भाऊ, द चा भाऊ, दोघेही सुखरूप. प्रत्येक नाव मालनबाई मोठ्यानं म्हणत, म्हणजे आतल्या खुर्चीत ऐकू जावं, आणि तिकडून दर वेळी 'हौ' येई. शुक्रवारची संध्याकाळ गेली, शनिवारची सकाळ एकेक फाइल उघडून पडताळण्यात गेली. दुपारपर्यंत एकोणतीस झाल्या.

घ ची नव्हती.

पुन्हा मोजलं, पुन्हा पाहिलं. पडद्यावर यंत्राच्या स्वतःच्या चित्रांखेरीज काही उरलंच नव्हतं. म्हणजे तेच झालं होतं. त्यांनी न ठेवताच बंद केलं होतं, आणि नाव दिलं म्हणाले ते आपल्या समाधानासाठी. मालनबाईंना दुसरं काही नको होतं. एकोणतीसही हाती लागतील असं काल वाटलं नव्हतं. पण घराशिवायचा कोश! त्या उठून मामंजींपुढे खाली बसल्या.

"मामंजी, घ ची फाइल ठेवली होती ना तुम्ही?"

"हौ."

"नक्की?"

"हौ! हौ!" डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. इतकं जोरात ते आजारानंतर पहिल्यांदाच बोलले.

"तर मग आहे," मालनबाई उठत म्हणाल्या. "ते आहे म्हणतात ना, तर आहे."

बरोबर चार वाजता, मालनबाई आवकायचा राहिलेला लसूण सोलत असताना, जहांगीर आला. मालनबाईंनी त्याच्यापुढे कॅलेंडर धरलं, बी-आय-एन म्हणजे ठपद कसं ते दाखवलं, आणि त्याची फजिती पाहण्यासारखी झाली. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, फाँट गया कतें! लाइट गई तब फाँट की फाइल सड गई. वायरस किधर का! माफ करना अम्मा, तेलुगू का रहता तो पैचान लेता, मराठी का कभी देखाच नहीं." मग उत्साहानं खुर्ची ओढली. "फ्लॉपी होना तुमारी. पाँच मिनट का काम."

मालनबाईंनी देवघराच्या खणातून फ्लॉपी आणून दिली. जहांगीर कामाला लागला. कुठलंही काम सुरू करण्याआधी जागा झाडून घ्यायची त्याची रीत होती. बाण सरळ कचऱ्याच्या डब्यावर गेला. "पैले ये कचरा खाली करतूं." पडद्यावर यंत्राचा नेहमीचा प्रश्न आला : कायमचं पुसायचं, नक्की?

"एक मिनिट," केतकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, गुरुवारी मी एक टाकलं होतं त्यात. बाकीच्यांसारखं नव्हतं ते. एकच शब्द, मध्ये जागा नाही. मला वाटलं, बिघडल्यामुळं आलेलं काहीतरी असेल."

"काय शब्द?"

"आठवत नाही. चार अक्षरं होती."

"जहांगीरभाई, हात काढा," मालनबाई म्हणाल्या. "केतकी, ठपद उघड."

ठपद उघडलं. आत एकटंच पडलं होतं. केतकीनं वाचलं, "ई. के. वाय. यू."

मालनबाईंनी कळफलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या कडेवरच बोटं उतरली. डाव्या हाताचं मधलं बोट, वरच्या ओळीत. उजव्या हाताचं मधलं, जागच्या जागी. मग उजवी तर्जनी वर, दोनदा, शेजारी शेजारी. ही चार अक्षरं त्यांनी आयुष्यात फार वेळा टाइप केली नव्हती. वकिलांच्या कागदांवर टायपिस्टचं नाव येत नाही.

म. काना. ल. न.

"काय आलं?" केतकीनं विचारलं.

 "बाहेर काढ," मालनबाई म्हणाल्या. "उघड."

फाइल परत जागेवर आली आणि उघडली. पहिल्याच ओळीत प्रश्नचिन्ह, के, जे. घर. मालनबाई टेबलाच्या कडेवर बोटं टेकवत टेकवत मोठ्यानं वाचू लागल्या, अडखळत, पहिलीतल्या मुलीसारख्या. 'घर : कुलूप लावल्यावर जे दोनदा ओढून बघतात ते.' हे त्यांना पाठ होतं. मार्चात त्यांनीच टाइप केलं होतं. पण ओळ तिथं संपली नव्हती. पुढे जरा जास्तच जागा सोडून, एकाच बोटानं शोधून शोधून दाबल्यासारखी, आणखी थोडी अक्षरं होती. दीड वर्ष शेजारी बसून त्या माणसानं कळांच्या जागा नुसत्या बघून पाठ केल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"आय, के, जी, के," केतकी हळूच वाचत होती. "आणि मग... आई, पुन्हा तीच चार आहेत. ई, के, वाय, यू."

कोशात एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याकडे बघून कळणार असला की तसं लिहितात. मालनबाईंनी अशी टीप मामंजींच्या सांगण्यावरून कितीदा तरी टाइप केली होती.

'घर : कुलूप लावल्यावर जे दोनदा ओढून बघतात ते. पाहा : मालन.'

 जहांगीरला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. तो फ्लॉपी हातात धरून भिंतीकडे बघत राहिला. मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले, बोटांना लसूण होता हे विसरून, आणि मग डोळे आणखीच वाहायला लागले. तशाच त्या खुर्चीपाशी गेल्या.

"मामंजी, हे नाव तुम्ही दिलंत?"

एकनाथरावांनी विचारबिचार केला नाही.

"हौ."

 मालनबाईंनी नाक ओढलं, टेबलाशी खुर्ची सारली, आणि आवाजात पुन्हा वकिलांच्या ऑफिसातली टायपिस्ट आली.

"जहांगीरभाई, घाला ती फ्लॉपी. केतकी, दोन कोऱ्या फ्लॉप्या आण. एक इथं राहील, एक तुझ्याबरोबर जाईल. आणि मामंजी, तुम्ही झोपायचं नाही आता. प्रस्तावना राहिलीय. पुण्याच्या त्या ओसरीपासून सुरू करू. मी एकेक वाक्य सांगते. पटलं तर हौ म्हणायचं, नाही पटलं तर गप्प बसायचं. गप्प बसणं जमेल ना?"

एकनाथराव गप्प बसले.